बडोद्याला बकिंगहॅमचं माप नको

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेला माझा भाचा संध्याकाळी राजवाडा बघून परतला. दारात चपला काढता काढताच म्हणाला, “आत्या, लक्ष्मीविलास जबरदस्त आहे. बकिंगहॅमच्या चौपट! पण तेवढं सोडलं तर बडोद्यात बघण्यासारखं काही नाही, हो ना?” त्याची बायको मागून आली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, “मला खरं सांगायचं तर तिथे गुदमरल्यासारखं झालं. लोकांच्या पैशांवर एका कुटुंबाने एवढी चैन केली आणि आपण तिकीट काढून ती बघायला जायचं?” दुसऱ्या दिवशी सकाळी सरदार पटेलांचा पुतळा आणि रात्री परतीची गाडी, असा त्यांचा बेत होता.

जेवताना मी दोघांशीही वाद घातला, पण तो पुरा झाला नाही. तो इथे पुरा करते आहे, कारण ही दोन्ही मतं मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. महाराष्ट्रातून पाहुणे येतात, अर्धा दिवस राजवाडा बघतात. काही अभिमानाने फुगून परततात, काही चिडून. दोघांचीही नजर त्या एका इमारतीवरच खिळलेली असते. माझं भांडण त्या नजरेशी आहे.

आधी चौपटीचा हिशोब बघू. वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीत दोन आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात: लक्ष्मीविलास ३,०४,९२,००० चौरस फूट आणि बकिंगहॅम ८,२८,८२१ चौरस फूट. यातला पहिला आकडा कुठून आला? एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. त्याला ७०० ने गुणा. बरोबर ३,०४,९२,००० येतात, एक फूट इकडे नाही की तिकडे नाही. राजवाड्याच्या मूळ आवाराचं क्षेत्रफळ ७०० एकर सांगितलं जातं. म्हणजे हा आकडा इमारतीचा नाहीच, तो जमिनीचा आहे. त्यात झाडं आली, गोल्फचं मैदान आलं, मोतीबागचं क्रिकेट मैदान आलं, राजवाड्याच्या जवळजवळ पाचशे वर्षं आधीची नवलखी वावही आली. बकिंगहॅमचा आकडा मात्र छपराखालच्या मजल्यांचा आहे. एकाचं शेत मोजलं, दुसऱ्याचं घर मोजलं आणि दोन्हींची तुलना केली.

बरं, ही तुलना चालवून घेतली तरी उत्तर चार येत नाही, छत्तीसच्या वर जातं. जमिनीशी जमीन लावली तर बकिंगहॅमची बाग सुमारे ४० एकरांची आहे, तेव्हा उत्तर सतराच्या आसपास येतं. खोल्या मोजल्या तर बकिंगहॅममध्ये ७७५ आहेत आणि लक्ष्मीविलासमध्ये १७० असल्याचं सांगतात. तिथे तर पारडं उलटंच फिरतं. चौपट कुठल्याच बाजूने निघत नाही. तरीही ती लाखो लोकांच्या तोंडी आहे, कारण ती ऐकायला बरी वाटते.

आणि ती बरी का वाटते, तेच मला जास्त टोचतं. इंग्रजांच्या राजाच्या घरापेक्षा आपल्या राजाचं घर मोठं, यात आपल्याला विजय दिसतो. पण गज कोणाचा वापरला? इंग्रजांच्याच राजाचा. लक्ष्मीविलास बांधणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या बाबतीत तर हा सरळ अन्याय आहे. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात पंचम जॉर्ज बादशहासमोर संस्थानिकांनी एकेक करून मुजरा करायचा होता. इतर राजे दागिन्यांनी मढून आले होते. सयाजीराव साध्या पांढऱ्या वेशात पुढे गेले, एकदा वाकले आणि पाठ फिरवून चालते झाले. त्यावरून लंडनच्या वर्तमानपत्रांनी एवढा गहजब केला की त्यांना खुलाशाचं पत्र लिहावं लागलं. त्यांना अपमान करायचा होता की नव्हता, यावर अजून वाद चालतो. पण ज्या माणसावर बादशहाला पाठ दाखवल्याचा आरोप झाला, त्याच्या घराची थोरवी शंभर वर्षांनंतर आपण त्याच बादशहाच्या घराला फूटपट्टी लावून ठरवतो.

आता भाच्याच्या बायकोचं म्हणणं. ते मला जास्त गंभीर वाटतं आणि त्याला उत्तर देताना मी काही लपवणार नाही. लक्ष्मीविलासचं काम मेजर चार्ल्स मँट यांनी सुरू केलं. १८८१ मध्ये ते वारल्यावर रॉबर्ट चिझम यांनी ते पुढे नेलं आणि १८९० मध्ये पुरं केलं. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या मोझेइकची, खिडक्यांना बेल्जियमची रंगीत काच, वाड्यात इटालियन शिल्पकार फेलिची यांचे पुतळे. खर्च सुमारे १,८०,००० पौंड सांगतात. वाडा पुरा झाल्यावर दहा वर्षांच्या आत गुजरातवर छप्पनिया दुष्काळ कोसळला. १८९१ च्या शिरगणतीत बडोदा संस्थानची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती, १९०१ मध्ये ती १९ लाखांच्या वर थोडीशी उरली. साडेचार लाखांहून अधिक माणसं दहा वर्षांत कमी झाली: कोणी उपाशी मेलं, कोणी रोगाने गेलं, कोणी गाव सोडून निघून गेलं. दरबार हॉलच्या मोझेइककडे बघताना ज्याच्या डोळ्यांसमोर हा आकडा येत नाही, त्याने तो आठवावा असंच मी म्हणेन. आणि सयाजीरावांच्या आधीचा काळ तर याहून वाईट होता. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवला. मल्हाररावांच्या कारकिर्दीची अखेर इंग्रज रेसिडेंटवर विषप्रयोग केल्याच्या खटल्यात आणि १८७५ च्या पदच्युतीत झाली.

तेव्हा गुदमरणं खोटं नाही. माझा आक्षेप त्या गुदमरण्यापाशीच थांबण्याला आहे. राजवाडा लोकांच्या पैशांतून उभा राहिला, हे खरं. मग पुढचा प्रश्न विचारायला हवा: त्या वाड्यातून परत लोकांकडे काय गेलं? बडोद्यात या प्रश्नाचं उत्तर दगडा-विटांत उभं आहे. फक्त ते राजवाड्याच्या फाटकाच्या बाहेर आहे आणि तिथवर आपण जातच नाही.

१८७५ साली मालेगावजवळच्या कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन शहरातल्या जुन्या सरकारवाड्यात आणला गेला. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच मुलाने, म्हणजे सयाजीरावांनी, १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातल्या काही गावांत मुलामुलींना शाळेत घालणं सक्तीचं केलं आणि १९०६ मध्ये तो कायदा सबंध संस्थानाला लावला. पुण्याच्या लोकांना आठवण करून देते: गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांनी बोट दाखवलं ते बडोद्याकडे. ब्रिटिश सरकारने ते विधेयक पडू दिलं. स्वतंत्र भारताने शिक्षणाच्या हक्काचा कायदा केला तो २००९ मध्ये, म्हणजे बडोद्यानंतर शंभर वर्षांहून जास्त उशिराने.

१९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं. त्यासाठी स्वतःच्या राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तकं दिली. खेड्यापाड्यांत लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं जाऊ लागली. मांडवीजवळच्या त्या ग्रंथालयात आजही गेलात तर पोलादी कपाटांचे मजले दिसतील. त्यांच्या मधल्या जमिनी जाड काचेच्या आहेत, वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत पोचावा म्हणून. राजवाड्यातल्या रंगीत काचेसमोर पाहुणे माना वर करून उभे राहतात. या दुसऱ्या काचेखाली माझे वडील वर्तमानपत्र वाचायला जात. तिथे पाहुण्यांना घेऊन जाणारी एकही सहल मी अजून पाहिलेली नाही.

रविवर्म्याचंही तसंच. राजवाड्यासाठी पुराणप्रसंगांची चौदा चित्रं काढायचं काम सयाजीरावांनी त्याला दिलं. पण त्याच्या चित्रांच्या छापील प्रती काढल्या तर त्या लोकांपर्यंत पोचतील, ही सूचना बडोद्याचे एकेकाळचे दिवाण सर टी. माधवरावांनी त्याआधीच त्याला पत्रातून केली होती. १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. मग लक्ष्मी-सरस्वती ज्या रूपात आपल्या आजीच्या देवघरात आल्या, ते रूप कोणाच्या भिंतीवरून आलं? राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात मूळ तैलचित्रांसमोर उभं राहून “अरे, हे तर आमच्याकडे होतं” म्हणणारी मराठी माणसं मी पाहिली आहेत. सबंध सहलीत तेवढ्या एका क्षणी ती राजाच्या घरात पाहुणी नसतात.

बाकीच्या वाड्यांचं काय झालं, तेही बघा. खंडेरावांनी १८७० मध्ये बांधलेला मकरपुऱ्याचा उन्हाळी राजवाडा आज हवाई दलाकडे आहे, तिथे प्रशिक्षण चालतं. लालबागेतल्या १९१४ च्या प्रतापविलासमध्ये १९५२ पासून रेल्वेचे अधिकारी शिकत आले आणि आता तिथे गतिशक्ती विश्वविद्यालय आहे. सुरसागराजवळचं न्यायमंदिर चिझम यांनीच बांधलं, १८९६ चं. त्याला नाव दिलं ते सयाजीरावांच्या अकाली गेलेल्या राणीचं, पहिल्या चिमणाबाईंचं. राणीच्या आठवणीसाठी बांधलेल्या त्या दिवाणखान्यात २०१८ पर्यंत जिल्हा न्यायालय भरत होतं. बडोदा कॉलेजचा मोठा घुमटही याच चिझम यांचा. लक्ष्मीविलासच्या घुमटाचा फोटो काढून लोक परततात, त्याच माणसाचा दुसरा घुमट ज्यांच्यासाठी उभारला त्या मुलांच्या डोक्यावर अजून आहे. एक गोष्ट मात्र मनाला खाते: शहरातला जुना नजरबाग राजवाडा आता उरलेला नाही. तो पडला तेव्हा बडोद्याबाहेरच्या किती मराठी माणसांना त्याची खबर होती? आपण एकच वाडा मोजत बसलो, दुसरा आपल्या डोळ्यांदेखत गेला.

पण भाच्याच्या बायकोला मला खरं उत्तर द्यायचं आहे ते कीर्तिमंदिरात. राजवाड्यापासून रिक्षाने फार तर दहा-पंधरा मिनिटांचा रस्ता. १९३६ मध्ये सयाजीरावांनी आपल्या घराण्याच्या मृतांच्या स्मरणासाठी ते बांधलं. बाहेरून शिखरांचं देऊळ वाटतं. आत मधल्या दालनाच्या चार भिंतींवर नंदलाल बोस यांनी शांतिनिकेतनहून येऊन चित्रं रंगवली. पहिली भिंत १९३९ ची, गंगावतरण. दुसरी १९४० ची, मीराबाई. तिसरी १९४३ ची, नटीर पूजा. चौथी १९४६ ची, महाभारताचं युद्ध. बोलावणाऱ्या सयाजीरावांचा मृत्यू फेब्रुवारी १९३९ मध्ये झाला, म्हणजे पुरं काम त्यांनी पाहिलंच नाही. यानंतर थोड्याच वर्षांत याच नंदलाल बोस यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह भारताच्या राज्यघटनेच्या हस्तलिखिताची पानं सजवली.

या चार भिंतींकडे नीट बघायला हवं. गंगा खाली आणणारा भगीरथ राजाच आहे, पण तो सिंहासन सोडून तपाला बसलेला राजा. मीरा राजघराण्यातली सून, आणि तिची गोष्ट म्हणजे राजवाडा सोडून जाण्याची गोष्ट. नटीर पूजा हे रवींद्रनाथांचं नाटक. राजाने बुद्धाची पूजा बंद केलेली असते आणि दरबारातल्या श्रीमती नावाच्या नर्तकीला हुकूम होतो की स्तूपासमोर नाचून त्याची विटंबना कर. ती नाचते. नाचता नाचता अंगावरचे दागिने एकेक करून उतरवते, त्या नाचालाच पूजा बनवते आणि राजाज्ञा मोडली म्हणून मारली जाते. चौथ्या भिंतीवर सिंहासनाच्या वाटणीवरून उभं राहिलेलं युद्ध, ज्यात एक सबंध कुळ संपलं.

एका राजघराण्याचं स्मारक, त्याच्या पूर्वजांच्या नावाने बांधलेलं. त्यात मधोमध उभं राहिलं की एका बाजूला वाडा सोडणारी बाई, दुसऱ्या बाजूला राजाचा हुकूम मोडून मरणारी बाई. तिथे पराक्रमाच्या मोहिमा रंगवता आल्या असत्या. गायकवाडांचे पूर्वज पिलाजी आणि दमाजी यांच्या स्वाऱ्यांना काय तोटा होता? तसं झालं नाही. विषय कोणी निवडले, चित्रकाराने की यजमानाने, हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे. ती चित्रं त्या भिंतींवर रंगवू दिली गेली आणि आजही तिथेच आहेत. राजसत्तेवरची सर्वांत धारदार टीका मी बडोद्यात कुठे पाहिली असेल तर ती राजाने स्वतःच्या खर्चाने बांधलेल्या या दालनात. जिला लक्ष्मीविलासमध्ये गुदमरायला होतं, तिने इथे यायलाच हवं. इथे तिच्या गुदमरण्याला भाषा मिळते.

आणि अभिमानाने फुगणाऱ्यांनी कामाठीबागेत जायला हवं. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला बडोदा संस्थानाने तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. ही सयाजीरावांची करणी, आणि तिचं मोल सांगायला नको. पण कराराप्रमाणे नोकरीसाठी १९१७ च्या सप्टेंबरात ते बडोद्याला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. ते कळल्यावर काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्रीची होती, तोवरचे पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. राजवाड्याने शिष्यवृत्ती दिली, शहराने छप्पर दिलं नाही. राजा कितीही पुढे गेला तरी त्याच्या रयतेतली माणसं कुठे उभी होती, ते या बागेत कळतं. “आमचा मराठा राजा” म्हणून छाती पुढे काढायची असेल तर हे पाच तासही आपल्याच खात्यावर घ्यावे लागतील. त्या खात्यात बडोद्यातली आम्ही मराठी मंडळीही आलो. दांडिया बाजारची वस्ती आमची होती आणि एक दारही उघडलं नाही.

कोणी म्हणेल, सुट्टीत फिरायला आलेल्या कुटुंबावर एवढं ओझं कशाला? मुलांना जरा मोठी इमारत बघू द्या, सेवउसळ खाऊ द्या, मजा करू द्या. मी मजेच्या विरुद्ध नाही. पण मुलांना मजा कशात येते याचा अंदाज मोठी माणसं फार चुकवतात. लक्ष्मीविलासमध्ये दोरीपलीकडची खुर्ची दाखवून “हात लावू नको” म्हटलं की सात वर्षांचं मूल दहा मिनिटांत कंटाळतं. तेच मूल कामाठीबागेतल्या संग्रहालयात देवमाशाच्या सांगाड्याखाली अर्धा तास पळतं. ममीच्या पेटीसमोर त्याचे प्रश्न संपत नाहीत. रावपुऱ्यातल्या तांबेकर वाड्यात लाकडी जिना चढून गेलं की भिंतीभर चित्रं सुरू होतात: देव, लढाया, इंग्रज शिपाई. शंभर-सव्वाशे वर्षांहून जुनी असूनही रंग अजून धरून आहेत. दिवाण भाऊ तांबेकरांचा हा वाडा, पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांचा गुजरातेतला भाऊ. मराठी माणसाला इथे परकं वाटणार नाही, आणि बकिंगहॅमशी तुलना करायची गरजही पडणार नाही.

वेळेचं कारणही मला पटत नाही. मी सांगितलेल्या बहुतेक सगळ्या जागा जुन्या शहराच्या आणि त्याला लागून असलेल्या भागात आहेत. एकीकडून दुसरीकडे जायला रिक्षेला काही मिनिटं लागतात. एकतानगरच्या सरदारांच्या पुतळ्यापर्यंत जाऊन येण्यात जेवढा वेळ गाडीत बसून जातो, तेवढ्यात यातल्या निम्म्या जागा बघून होतात. पुतळा बघू नका असं मी म्हणत नाही, पण तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असेल. खरी चूक क्रमाची आहे. प्रवासी कंपन्या राजवाडा सकाळी ठेवतात, म्हणून दिवसभर बाकी सगळं त्याच्यापुढे लहान वाटत राहतं. क्रम उलटा करा. सकाळी मांडवी आणि सरकारवाडा, जिथे त्या निरक्षर मुलाला आणलं तिथून सुरुवात. मग ग्रंथालय, तांबेकर वाडा, न्यायमंदिर बाहेरून. दुपारी कीर्तिमंदिर, थोडं शांत बसून. उन्हं कलल्यावर कामाठीबाग आणि संकल्पभूमी. लक्ष्मीविलासला दुसऱ्या दिवशी सकाळी जा, आणि तिकीट काढण्याआधी आदल्या दिवशी काय पाहिलं ते आठवा.

भाच्याने त्या रात्री वहीत गुणाकार करून बघितला आणि ७०० एकरांचा आकडा जुळल्यावर गप्प झाला. त्याच्या बायकोने मला तिसऱ्या भिंतीवरच्या नर्तकीचं नाव पुन्हा विचारलं. पुतळ्याची तिकिटं आधीच काढलेली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती दोघं गेलीच. नाताळात परत येणार आहेत. स्टेशनवरून थेट मांडवीला या, मी ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर थांबते, असं सांगून ठेवलं आहे.